एकेचाळिसावा खिळा

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणत आजोबा चाकांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही बाजूंचे ब्रेक खटखट खाली ओढले.

खुर्ची नेमकी उंबरठ्यात होती. ती उचलायला टेम्पोवाल्याने पुढे केलेले हात तसेच हवेत राहिले. तासाभरात त्याने तीन जोड्या कुबड्या, एक वॉकर आणि हवेची गादी टेम्पोत चढवली होती. आता उंबरठ्यात खुर्ची आणि खुर्चीत आजोबा, म्हणजे आतलं बाहेर जायची सोय नाही आणि बाहेरच्याला आत यायची.

"अण्णा, उठा बरं," आतून थोरला मुलगा म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत कमोडची खुर्ची होती. "तुमचे पाय चांगले खणखणीत आहेत."

"पायांचा विषय तू काढलास हां, मी नाही. या पायापासूनच सगळं सुरू झालं."

"झालं सुरू!" समोरच्या दुकानातली शिंपीणबाई म्हणाली. गळ्यातली मापाची फीतही न काढता ती रस्ता ओलांडून आली होती, आणि आल्या आल्या पायरीवर बसलीसुद्धा. भाऊजींच्या गोष्टी उभ्याने ऐकायच्या नसतात, एवढं शहाणपण तिला पन्नास वर्षांच्या शेजाराने दिलं होतं.

गल्लीत आजोबांना बंडलदादा म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. खोटं बोलणारा वेगळा आणि थापा मारणारा वेगळा, असं त्यांचं मत होतं. खोटं बोलणाऱ्याला पकडलं की तो चिडतो. थापा मारणाऱ्याला पकडलं नाही तर तो चिडतो.

रस्त्याकडेची ही खोली आजीची. तिच्या भिंतींवर एकेचाळीस खिळे होते आणि त्यातल्या चाळीसांखाली एकेक वस्तू: कुबड्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, घडीची कॉट, शेकायच्या पिशव्या, आजारी माणसाला बसतं करायची तिरकी फळी. ज्याच्या घरात कुणी पडलं, मोडलं, अंथरुणाला खिळलं, त्याने यायचं आणि लागेल ते न्यायचं. आजीने कधी वही ठेवली नाही. "वहीत नाव गेलं की माणूस मान खाली घालून येतो," ती म्हणे. नेणाऱ्याने फक्त आपल्या घरातली एक चिंधी आणायची. जुन्या शर्टाची, पडद्याची, कशाचीही. आजी तिला दोरा बांधून त्या वस्तूच्या खिळ्यावर टांगायची. वॉकरच्या जागी फुलाफुलांचा पडदा लटकताना दिसला की तिला कळायचं, वॉकर कुठे आहे आणि तिथे जाऊन चौकशी करून किती दिवस झालेत. वस्तू परत आली की चिंधी उतरायची. उतरलेल्या चिंध्यांची तिने एक जाड उशी शिवली होती. तीच आत्ता आजोबांच्या खाली होती.

आजी जाऊन आठ महिने झाले होते. दार वाजलं की आजोबा उघडत, आणि हाताला येईल ते देत. हात मोडलेल्या माणसाला त्यांनी कुबड्या दिल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी एकट्याने कॉट काढायला गेले आणि तिच्याखाली सापडले. थोरल्याने येऊन बाहेर ओढलं तेव्हा म्हणाले, "मी ती खालून तपासत होतो." त्याच दिवशी थोरल्याने मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला. सगळं सामान तिथे द्यायचं ठरलं. आजोबा "ठीक आहे" म्हणाले होते, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांनी एकही थाप मारली नव्हती. घरात सगळ्यांना त्याचीच जास्त काळजी लागली होती.

"सरकता का जरा?" टेम्पोच्या मागून आवाज आला. ड्युटी संपवून नात, थोरल्याची मुलगी, आली होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिशी आली तरी नाव सुटलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तिला शहर बससेवेत ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हापासून ती वरच्या मजल्यावर आजोबांबरोबर राहायला आली होती. निळ्या युनिफॉर्मचा शर्ट तिने बाहेर काढला होता आणि त्याचं टोक हातात धरून ती आजोबांच्या समोर उभी राहिली.

"आजोबा, हे बघा. कंडक्टर दिवसभर हसत होता. शर्टाचा एवढा तुकडा गेला कुठे?"

शर्टाच्या कडेला अगदी सरळ, चौकोनी खिडकी पडली होती.

आजोबांनी चष्मा कपाळावर नेला, तुकड्याची जागा नीट न्याहाळली आणि म्हणाले, "उंदीर."

"चौकोनी?"

"चौकोनी दातांचा. दुर्मीळ जात आहे. बस तू. तू यायचीच वाट बघत होतो."

"अण्णा, माणूस खोळंबलाय," थोरला म्हणाला.

"मी काही खोळंबलो नाही," टेम्पोवाला म्हणाला आणि त्याने टेम्पोच्या फाळक्यावर बूड टेकलं.

सरळ मागणं आजोबांना जन्मात जमलं नव्हतं. लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी 'एका मित्रासाठी' म्हणून घातली होती. आजीने तेव्हा उत्तर दिलं होतं, "तुमच्या मित्राला सांगा, हो म्हणाली. पण त्याने थापा कमी कराव्यात." त्यातलं अर्धंच मित्रापर्यंत पोचलं.

"तर," आजोबा म्हणाले, "पाय मोडला माझा. एका पिसाळलेल्या बैलाला मी शिंगांना धरून—"

"साबणावरून घसरलात," शिंपीणबाई म्हणाली.

"साबण नंतर आला. बैलाला धुवायला. तर पाय मोडला, कुबड्या आल्या, पाय जुळला आणि कुबड्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. ही रोज त्यांच्याकडे बघायची. म्हणाली, 'एवढी धडधाकट लाकडं आणि नुसती उभी!' दुसऱ्या दिवशी पोस्टमनचा घोटा मुरगळला. त्याला दिल्या. त्याच्याकडून आल्या त्या दाईकडे गेल्या, दाईकडून घड्याळजीकडे. सहा वर्षं त्या कुबड्या घरी आल्या नाहीत. आल्या तेव्हा इतक्या शिकून आल्या होत्या की माणूस दारात आला की त्याचं कुठलं हाड मोडलंय ते आधी त्यांना कळायचं, मग डॉक्टरला."

टेम्पोवाला हसला. त्याने मान वळवून टेम्पोतल्या कुबड्यांकडे एकदा पाहूनही घेतलं.

"मग खिळे वाढत गेले. चाळीस झाले. आणि मग झाली ती मॅच."

"ती नको, अण्णा," थोरला म्हणाला. पण कमोडची खुर्ची त्याने खाली ठेवली नाही, आणि तो बाहेरही गेला नाही. जाणार कुठून?

"बेकरीवाले विरुद्ध पोस्टवाले. फुटबॉल. पाव उशिरा येतो की पत्रं, यावरून जुनं वैर. मैदानात बावीस माणसं उतरली, त्यातली एकोणीस उचलून आणावी लागली."

"चार होती, भाऊजी. मी पट्ट्या बांधल्यात त्यांना."

"चार तर नुसते पंच होते. संध्याकाळी पाच वाजता या खोलीतले चाळीसच्या चाळीस खिळे चिंध्यांनी भरले. पोस्टाची खाकी, बेकरीचे ॲप्रन. दुसऱ्या दिवसापासून टपाल चाकांच्या खुर्चीवरून. उताराचा रस्ता, वेग असा की पत्रं दोन दोन दिवस आधी पोचायला लागली. काही तर लिहायच्या आधी पोचली."

भिंगरी खुर्चीच्या चाकावरून पाय टाकून आत आली होती आणि खोलीच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने हसू दाबायला खालचा ओठ चावला. आजोबांनी ते पाहिलं आणि आवाज एक पट्टी खाली आणला.

"सगळं संपल्यावर बेकरीचा गोलकीपर आला. शेवटचा. घोटा हा एवढा सुजलेला. खोलीत द्यायला काही नाही. सुतळीचा तोडा नाही. कुणी रिकाम्या हाताने परत गेलं असं त्या दारात कधी झालं नव्हतं. ही त्याच्याकडे बघते, भिंतीकडे बघते. आणि मग तिने काय दिलं त्याला, सांग."

मग थोरल्याने कमोडच्या खुर्चीवरची पकड बदलली.

"मला," तो म्हणाला.

"तुम्हाला?" भिंगरी म्हणाली.

"मी दहा वर्षांचा होतो. त्याच्या बरोबर काखेपर्यंत यायचो. आई म्हणाली, 'याची उंची जमेल तुला. सकाळी ने, शाळेच्या वेळेला परत कर.' त्याचा हात खांद्यावर घेऊन मी बेकरीभर फिरायचो. अण्णा हे कुठेही सांगतात आणि कुणाचाही विश्वास बसत नाही. पण ही एकच गोष्ट खरी आहे."

"तीन आठवडे," आजोबा म्हणाले.

"तीन दिवस. आणि पहिल्या दिवशी निघताना मी रडलो होतो. मला वाटलं, आता परत आणतात की नाही. तेव्हा तिने माझ्यासमोर हातोडी घेतली आणि एक नवा खिळा ठोकला. गोलकीपरच्या ॲप्रनची चिंधी त्यावर टांगली. म्हणाली, 'ही इथे आहे तोवर तू माझाच. शाळेच्या आधी मी ही चिंधी उतरवणारच.'" थोरल्याने भिंतींवरून नजर फिरवली. "खिळा कुठे होता तो?"

"असेल इथेच कुठेतरी," आजोबा घाईने म्हणाले. "तो विषय नंतर."

थोरला जरा हसला. "माझं उरलेलं बालपण कॉटच्या पायाकडच्या बाजूला गेलं. आई डोक्याकडची धरायची, मी पायाकडची, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आजारी असायचंच. खालच्या मजल्यावर माणसं आजारीच पडत नाहीत की काय, असं वाटायचं मला." मग त्याचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "पण ते आईचं होतं. तिला जमायचं. आता इथे कोण आहे? मी दीड तास लांब राहतो. अण्णा कॉटखाली सापडतात. भिंगरीला मी महिन्याभरापूर्वी विचारलं, ती नाही म्हणाली."

"नाही नाही म्हणाले," भिंगरी म्हणाली. "मला जमणार नाही म्हणाले. बाबा, मला बस चालवता येते. माणसं चालवता येत नाहीत. आजी कशी बोलायची लोकांशी! मी दिवसातून दहा जणांवर ओरडते. दुखणारं माणूस दारात येईल आणि मी म्हणेन, पुढे सरका, दार अडवू नका."

"आजी गोड बोलायची?" आजोबांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली. "हिने पाहिली नाही की काय आजी! अगं, पंचावन्न वर्षांत ती एकदाच गोड बोलली माझ्याशी, तेव्हा मी डॉक्टरला बोलावून आणलं होतं."

शिंपीणबाई पदराआड न लपता मोकळी हसली. "ते मात्र खरं हो. मला पाठीचा पट्टा द्यायच्या आधी अर्धा तास बोलणी ऐकवली होती. बसतेस कशी, शिवतेस कशी, उठतेस कशी."

"गोड बोलणं नव्हतं तिच्यात. तिची सगळी गंमत होती गाठीत." आजोबांनी चिंध्यांच्या उशीवर हात फिरवला. "बाई डावखुरी. चिंधीला दोरा बांधायची तोही डाव्याने. तुम्ही आम्ही गाठ मारली की दोऱ्याचं उरलेलं टोक उजवीकडे पडतं. तिचं डावीकडे. आणि सुटायची नाही कुणाच्या बापाला! तीस वर्षं जहाजावर काढलेला एक खलाशी वॉकर न्यायला आला होता. तासभर त्या गाठीशी झटला. शेवटी टोपी काढली आणि म्हणाला, बाई, तुम्ही आमच्या जहाजावर असतात तर ते बुडालं नसतं."

"खलाशी नव्हता. नावाडी होता, तळ्यावरचा," शिंपीणबाई म्हणाली.

"तळं मोठं होतं. तर ती गाठ या जगात दोघींनाच यायची. एक ती, आणि दुसरी..." आजोबांनी हनुवटीने भिंगरीच्या बुटांकडे दाखवलं.

सगळ्यांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. भिंगरीने एक पाऊल दुसऱ्याच्या मागे नेलं. शाळेपासून तिच्या नाड्यांना हसत आले होते. ती चार वर्षांची असताना आजीने शेजारी बसवून तिला नाडी बांधायला शिकवली होती. समोर बसवलं असतं तर ठीक झालं असतं. पण आजीला कुणाच्या समोर बसायची सवय नव्हती, ती नेहमी शेजारी बसायची. त्यामुळे उजव्या हाताची भिंगरी आयुष्यभर डाव्या हाताच्या गाठी मारत राहिली. कामावर गेल्या गेल्या कंडक्टरने विचारलं होतं, "बूट आरशात बघून बांधता का?"

"काका," टेम्पोवाला फाळक्यावरून उतरला. बराच वेळ तो काहीतरी तोंडात घोळवत होता. "म्हणजे, तुम्ही देणारच आहात सगळं, म्हणून विचारतो. आमची म्हातारी महिन्यापूर्वी न्हाणीत पडली. आता भिंतीला धरून चालते. आमच्या घरात भिंती कमी आहेत. तो एक वॉकर जर..."

थोरला अवघडला. "तसं आता सगळं हॉस्पिटलच्या नावावर... तिथे अर्ज केला तर देतील की."

"ते आमच्यापासून दोन तास आहे, साहेब. आणि म्हातारी तिकडे चालत जाऊ शकली असती तर वॉकर कशाला लागला असता?"

आजोबांनी तोंड उघडलं. आणि मग, शिंपीणबाईने नंतर गल्लीभर सांगितलं त्याप्रमाणे, आयुष्यात पहिल्यांदा ते न बोलता मिटलं. ते फक्त ब्रेकच्या दांड्यावर अंगठा घासत राहिले.

"उंची किती आईची?" भिंगरीने विचारलं.

टेम्पोवाल्याने आपल्या छातीच्या जरा वर हात धरला.

भिंगरी खुर्चीच्या चाकावरून पाय टाकून बाहेर गेली, टेम्पोतून वॉकर उतरवला आणि रस्त्यातच उलटा केला. चारही पायांच्या कळा दाबून तिने ते दोन दोन भोकं खाली घेतले. तळाच्या रबरांवरून बोट फिरवलं. एक रबर काढून फेकलं आणि दुसऱ्या वॉकरचं आणून बसवलं.

"घरात पायऱ्या आहेत?"

"दोन. मोरीकडे जाताना."

"पायरीवर हा चालवायचा नाही. नाही म्हणजे नाही. तिथे तुझा हात. तू घरी नसलास तर शेजारणीचा. 'मला जमतंय' म्हणाली तर ऐकायचं नाही. जमतंय म्हणणारीच पडते. न्हाणीत खाली काय आहे? फरशी? मग तिथे आधी काहीतरी खरखरीत टाक, आजच, घरी गेल्या गेल्या. वॉकर काय जादूचा आहे? आणि माझ्याकडे बघून हो हो मान हलवू नकोस. मी काय सांगितलं ते परत सांग."

टेम्पोवाल्याने परत सांगितलं. पायरी विसरला. तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

शिंपीणबाईने गळ्यातली फीत मुठीत धरली होती. "अगं बाई," ती म्हणाली. "डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं, तीच."

भिंगरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "चिंधी दे," ती टेम्पोवाल्यावर जवळजवळ खेकसली.

त्याने काच पुसायच्या फडक्याची कड फाडून दिली. पुन्हा आत येऊन, कोनाड्यातल्या रिळाचा दोरा तोडून भिंगरीने ती बांधली. उरलेलं टोक डावीकडे पडलं. वॉकरच्या खिळ्यावर पिवळं, तेलकट फडकं डुलायला लागलं, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्या भिंतीवर नवा रंग आला.

थोरला ते बघत होता. कमोडची खुर्ची अजून त्याच्या हातातच होती.

"एक गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "आज गेला. उद्या कुणी आलं तर? तुझी ड्युटी पहाटेची, भिंगरे. दुपारपर्यंत अण्णा एकटे. पुन्हा कॉट ओढायला जातील. मला सामानाचं काही नाही गं. मला रोज फोन वाजला की धस्स होतं."

भिंगरी वाकली आणि न सुटलेली नाडी बांधायला लागली.

तेव्हा आजोबांनी दोन्ही ब्रेक सोडले.

चाकं हाताने फिरवत त्यांनी खुर्ची मागे, खोलीत घेतली. उंबरठा मोकळा झाला. आता टेम्पोवाल्याने दोन पावलं टाकली असती तरी खोली रिकामी करता आली असती. तो जागचा हलला नाही.

"दार लाव," आजोबा थोरल्याला म्हणाले.

"आता दार कशाला?"

"लाव म्हणतो ना. इतकं ऐकलंत, आता शेवटचं ऐका. मी हे कुणाला सांगणार नव्हतो."

शिंपीणबाई आत सरकली, तिच्यामागे टेम्पोवाला. थोरल्याने कोपराने दार लोटलं. दिवसभर सताड उघडं असणारं ते दार लागलं तशी त्यामागची भिंत दिसली. तिथे, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक खिळा होता. जरा वाकडा ठोकलेला.

"हाच तो," थोरला म्हणाला.

खिळ्यावर खोलीची किल्ली होती, आणि किल्लीला दोऱ्याने बांधलेली एक निळी चिंधी.

"शेवटच्या आठवड्यातली गोष्ट," आजोबा म्हणाले. आता ते कुणाकडेच बघत नव्हते. आपल्या गुडघ्यांशी बोलत होते. "तिला उठवत नव्हतं. तरी एका सकाळी मला म्हणाली, खाली न्या. नेलं. या खुर्चीतूनच. मला म्हणाली, तोंड फिरवा. फिरवलं. दोऱ्याचा आवाज आला मला, दातांनी तोडल्याचा. मग म्हणाली, 'एकेचाळिसाव्या खिळ्यावर ठेवलंय. जिची चिंधी, तिने नेलेली आहे खोली. आता तुम्ही मध्ये बोलू नका.' म्हणून मी आठ महिने बोललो नाही. मला काय माहीत चिंधी कुणाची! माझे डोळे हे असे."

टेम्पोवाल्याने नाक ओढलं. शिंपीणबाईने निळ्या चिंधीकडे पाहिलं, मग भिंगरीच्या शर्टाकडे, मग आढ्याकडे. तिचे गाल आतून फुगले होते, पण तिने जीभ दातांखाली धरली. पन्नास वर्षांत तिने भाऊजींना न टोकलेली ही एकच गोष्ट.

भिंगरी पुढे झाली. खिळ्यावरून तिने किल्ली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. चिंधीचे चार काठ पाहिले. मग उजवीकडे पडलेल्या दोऱ्याच्या टोकावरून बोट नेत अंगठा गाठीवर ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

तिने दोरा ओढला. गाठ पहिल्याच ओढीला सुटली.

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

तोच दोरा घेऊन भिंगरीने निळी चिंधी किल्लीला पुन्हा बांधली. सावकाश, नाडी शिकणाऱ्या मुलीसारखी, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. एक वेढा, दुसरा वेढा, ओढ. टोक डावीकडे पडलं. तिने किल्ली होती त्याच वाकड्या खिळ्यावर टांगली, आणि ती नीट बसली की नाही ते बोटाने हलवून पाहिलं.

"तीन वाजता उघडेल," ती म्हणाली. "त्याआधी कुणी दार वाजवलं तर शिंपीणमावशी, तुम्ही फक्त चिंधी घेऊन ठेवायची. आणि आजोबांनी कशालाही हात लावायचा नाही. शेकायच्या पिशवीलासुद्धा."

"मी बसून गोष्टी सांगेन," आजोबा नम्रपणे म्हणाले. "थांबलेल्या लोकांना."

थोरल्याने कमोडची खुर्ची खाली ठेवली. जिथून उचलली होती तिथे, तिच्या खिळ्याखाली, भिंतीला लावून. मग हात झटकून तो टेम्पोवाल्याकडे वळला. "कुबड्या उतरव. गादी मी घेतो." आणि दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाला, "कॉट मात्र कुणी एकट्याने काढायची नाही. रविवारी मी येईन. पायाकडची बाजू माझी."

आजोबा खुर्चीतून टुणकन उठले. धडधाकट पायांनी त्यांनी खोलीला एक फेरी मारली, वाकडा खिळा पाहिला, पिवळं फडकं पाहिलं, आणि त्यांची कळी अशी खुलली की त्यांना राहवेना.

"बघा, मी सांगितलं नव्हतं? तिला सगळं आधीच कळायचं. त्या दिवशी दोरा तोडल्यावर ती असंही म्हणाली की, भिंगरी जेव्हा—"

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "तुमचा तो चौकोनी दातांचा उंदीर उजव्या हाताचा निघाला."